रात्री उठायची भीती

आरोग्यसेविकेच्या नोकरीत माझी तीसहून जास्त वर्षं गेली, आणि ती सगळी हिंगोलीच्या मुलखात. मी रुजू झाले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या पगारपत्रकावरचं जिल्हा परिषदेचं नाव बदललं. काम तेच राहिलं: गरोदर बायांची तपासणी, बाळंतपणं, लसीकरण, तांबी, शस्त्रक्रियेच्या केसेस, १९९५ च्या डिसेंबरपासून पल्स पोलिओचे बूथ. कळमनुरी, औंढा, सेनगाव, जिथे बदली झाली तिथल्या उपकेंद्रात संसार मांडला. लोक मला बाळंतपणाची बाई म्हणून ओळखतात. लिहायचं आहे ते मात्र म्हाताऱ्या माणसांबद्दल आणि त्यांच्या भीतीबद्दल. हा विषय मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवला नव्हता, आणि आता तो माझ्या स्वतःच्या घरात आला आहे.

उपकेंद्रात पात्र जोडप्यांची म्हणून एक जाड नोंदवही असते. बाईचं वय पंधरा ते एकोणपन्नास असलेलं गावातलं प्रत्येक जोडपं तिच्यात येतं. मुलं किती, शेवटचं केवढं, पाळणा लांबवायला काय वापरतात, सगळं. दरवर्षी सर्वेक्षण करून ही वही नव्याने लिहायची. नव्या सुना आत यायच्या आणि एकोणपन्नाशी उलटलेल्या बाया बाहेर पडायच्या. त्यांचं नाव पुढच्या वहीत नसायचं. ज्या बाईची तीन बाळंतपणं मी केली, जिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन किती हे मला तोंडपाठ होतं, ती एका एप्रिलमध्ये माझ्या कागदांतून नाहीशी व्हायची. पुरुष तर त्या वहीत फक्त नवरा म्हणूनच होता.

कागदांतून गेली तरी ती माणसं गावातच होती. लसीकरणाच्या दिवशी सून सोयाबीन काढायला गेलेली असायची, म्हणून नातवाला घेऊन आजी यायची. डोस झाला, लेकरू रडून शांत झालं, तरी ती ओट्यावरून उठायची नाही. सगळ्या बाया पांगल्या की हळूच म्हणायची, "बाई, जरा बीपी बघता का?" पाऱ्याचं एकच मशीन होतं आणि ते गरोदर बायांसाठी दिलेलं. मी बघायचे. पट्टा दंडाला बांधलेला असेपर्यंत माणूस बोलतं, हे मला तेव्हाच कळलं. झोप लागत नाही, धडधडतं, तोंडाला चव नाही, डोक्यात भुंगा फिरल्यासारखं होतं. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की यातली निम्मी दुखणी भीतीची आहेत.

पण "कशाची भीती वाटते?" असं विचारलं की उत्तर मिळायचं नाही. "भ्यायचं काय आता, वर जायचे दिवस," असं म्हणून हसायची. मरणाबद्दल आमच्याकडची म्हातारी माणसं फार सहज बोलतात. सरण, तेरवी, कोण पाणी पाजेल, कुठे जाळायचं, सगळं चहा पिता पिता. "मरणाला नाही भेत बाई, पडून राहायला भेते. हातीपायी धड आहे तोवर नेलं पाहिजे." हे वाक्य मी मराठ्यांच्या वाड्यात ऐकलं, बंजारा तांड्यावर ऐकलं, आंध आदिवासींच्या वस्तीत ऐकलं, मोहल्ल्यातल्या मुस्लीम आजीकडूनही ऐकलं. पडून राहणं म्हणजे नेमकं काय, त्यातलं काय नको वाटतं, हे मात्र कोणी आपण होऊन सांगत नव्हतं. ते कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते एका म्हाताऱ्याच्या पाण्यामुळे.

कयाधूच्या काठचं गाव होतं. ऐन मे महिना. पंचाहत्तरीचे एक बाबा सारखे चक्कर येऊन बसायचे. घरच्यांनी दोनदा खासगीत नेऊन सलाईन लावून आणलं. सलाईन लावलं की दोन दिवस बरं, पुन्हा तेच. मी गेले तेव्हा जीभ कोरडी, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. पाणी किती पिता विचारलं. म्हणाले, "चारनंतर पाण्याला शिवत नाही मी."

"कामून बाबा?"

"रातच्याला उठावं लागतं."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या बरोबरीचा एक सोबती, शाळेपासूनचा, आदल्या वर्षी रात्री लघवीला उठला, अंगणात पाय घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. तो पुन्हा उभा राहिला नाही. दिवाळीच्या आत गेला. जायच्या आधीचे महिने त्याचे कसे गेले ते या बाबांनी रोज जाऊन पाहिलं होतं. यांच्या घरचं शौचालय अंगणाच्या पार कोपऱ्यात, तीन उंच पायऱ्या चढून, धरायला काही नाही, दिवा नाही. वाटेत गुरांचा खुंटा. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, आणि ती ते रात्री जेवणानंतर घेत होते.

डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी आणली. मुलाने खाटेपासून शौचालयापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर जाड दोर ठोकून दिला, पायऱ्यांशी लाकडी खांब रोवला, खुंटा हलवला, एक बल्ब रात्रभर जळता ठेवला. खाटेखाली तोंड रुंद असलेला डबा. आणि मी त्यांना उठायचं कसं ते शिकवलं: आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडून खाटेच्या कडेवर बसायचं, रामकृष्णहरी सावकाश दहा वेळा म्हणायचं, मग उभं राहायचं. पडून असलेलं म्हातारं माणूस एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तिथेच घात होतो. खर्च म्हणाल तर दोर, खांब आणि बल्ब. बाबा पाणी प्यायला लागले, चक्कर थांबली. महिनाभराने भेटले तेव्हा म्हणाले, आता झोप लागते. त्यांना झोप येत नाही अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे कधी केलीच नव्हती.

त्यानंतर मी प्रश्न बदलले. कशाची भीती वाटते हे विचारणं सोडून दिलं. रात्री किती वेळा उठता? उठल्यावर कुठे जाता? तिथे उजेड आहे का? खाली बसल्यावर उठता येतं का? ऐकू नीट येतं का? जेवताना काय चावत नाही? गोळी कोण आणून देतं? असे बारके प्रश्न विचारले की मोठी भीती आपोआप बोलायला लागते, आणि बारक्या गोष्टींवर काही ना काही इलाज असतो. गुडघे वाकत नाहीत म्हणून संडासला जाणंच टाळणारी, त्यापायी पोटभर न जेवणारी माणसं मी खूप पाहिली. गावच्या सुताराकडून जुन्या खुर्चीची बैठक मधोमध कापून घेतली की ती शौचालयाच्या भांड्यावर बसते. एका गावात तर एकाने केली आणि हळूहळू गल्लीभर झाल्या.

मोतीबिंदूचं मात्र इतकं सोपं नव्हतं. सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगाचा चष्मा लागायचा. पुढे डोळ्यातच भिंग बसवायला लागले आणि नजर पुष्कळ चांगली यायला लागली, तरी आज्या शिबिराच्या गाडीत बसायला तयार नसत. उन्हाळ्यात डोळा पिकतो, थंडीत करू, हे एक कारण. थंडीत तुरीची कापणी, मग हळद काढणी. खरं तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेला कुठलाच ऋतू वर्ज्य नाही. सेनगाव तालुक्यातली एक आजी सलग काही वर्षं मला परतवून लावत होती. एकदा दुपारी तिच्या घरी गेले तर ती ओसरीत रिकामी बसलेली. शेजारी सून सूप घेऊन डाळ निवडत होती. सहज म्हटलं, आजी, आज सुट्टी का? ती काही बोलली नाही. सून म्हणाली, "खडे राहतात बाई त्यांच्या हातून. पाहुण्यांच्या दाताखाली आला मागच्या टायमाला."

बाहेर पडताना आजी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "डोळा नाही दिसला तर चालतं. पण सूप घेतलं हातातून."

खेड्यातल्या घरात बाई म्हातारी झाली हे ठरतं ते असं. आधी विहिरीवरून पाणी आणणं जातं, त्याचं वाईट वाटत नाही. मग भाकरी थापणं जातं. निवडणं-टिपणं, लसूण सोलणं, नातवाला निजवणं ही शेवटची कामं असतात. तीही गेली की मग घरात आपलं काय, हा प्रश्न रोज समोर येऊन बसतो. तिला अंधत्वाची भीती नव्हती, आपण बिनकामाच्या ठरू याची होती. आणि शस्त्रक्रियेनंतर महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही म्हटल्यावर तर त्यावर शिक्काच बसेल असं तिला वाटत होतं. मी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही त्यांना डोळ्यासाठी चला म्हणू नका, डाळ निवडायला माणूस पाहिजे म्हणून चला म्हणा. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात एका डोळ्याची झाली, काही महिन्यांनी दुसऱ्या. पुढच्या हळदीच्या हंगामात गेले तर ती खळ्यावर बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होती आणि दोन तरुण बायांना हात हलवा म्हणून दटावत होती.

वय किती, हा आमच्याकडचा अवघड प्रश्न. जुन्या माणसांच्या जन्माच्या नोंदी नाहीत. हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा "रझाकारात मी रांगत होतो" किंवा "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा थोरला पोटात होता" असं सांगायचे. मिलोच्या लाल ज्वारीची आणि सुकडीची चव अजून सांगणारी माणसं आहेत. आधार कार्ड काढताना अशा असंख्य लोकांचा जन्म १ जानेवारीला लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास सुरू केला, तेव्हा पहिल्यांदाच मी म्हाताऱ्या बायांना वय वाढावं म्हणून कार्डावरचं साल निरखताना पाहिलं. एक आजी त्या गाडीने कितीतरी वर्षांनी माहेरी, वसमतकडे, जाऊन आली. भाऊ केव्हाच गेला होता, भाच्याला तिने ओळखलं नाही. तरी परत आली ती ताठ चालत. लेकाकडे भाड्याला पैसे मागायचे नव्हते, एवढ्यानेच.

पैशाची भीती फार खोल असते, आणि ती औषधात शिरते. एका तांड्यावर बहुतेक घरांतली जवान माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जायची. मागे राहायची ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तिथली एक मावशी. बीपी कधीच आटोक्यात नाही. गोळ्या तर आम्ही फुकट देत होतो. शेवटी कळलं की ती अर्धीच गोळी खाते. आरोग्य केंद्रावर जायला ऑटोचे पैसे लागतात, म्हणून महिन्याची पट्टी दोन महिने पुरवायची. श्रावणबाळ योजनेचे पैसे तिला मिळत होते, पूर्वी सहाशे, मग हजार, २०२३ पासून दीड हजार. ते सगळे ती बाजूला टाकत होती. कशाला, विचारलं. म्हणाली, पोरं उचल घेऊन गेलेत मुकादमाची. मी मधेच गेले तर त्यांना दिवस करायला अजून उचल घ्यावी लागंल.

आपल्या मरणाचा खर्च लेकरांवर पडू नये म्हणून अर्धी गोळी खाऊन ती मरण जवळ आणत होती, आणि तिला समजावायला माझ्याकडे मोठे शब्द नव्हते. मी हिशेब मांडला. लकवा मारला तर नांदेडला नेणं, मुक्काम, पोरांचा बुडालेला रोज. तेरवीच्या किती पट होतं ते तिच्यासमोर बोटांवर मोजलं. दर महिन्याला पट्टी आशाताईंबरोबर घरपोच यायची सोय केली. तेव्हापासून ती पूर्ण गोळी घेते. नोकरीच्या अखेरच्या काळात सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. तिच्या बोटांचे ठसे कापूस वेचून आणि कोयता धरून इतके झिजले होते की मशीन घेईना. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवावी लागली. पाच लाख ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "मह्यावर?"

सुशिक्षितांची भीती वेगळी असते असं मला आधी वाटायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी भर दुपारी, उपकेंद्रात कोणी नाही असं पाहून आले. दार लोटून घेतलं. म्हणाले, "सिस्टर, डोकं जायला लागलं की सुरुवात कशी होते?" त्यांचं म्हणणं ऐकून मी थक्क झाले. रोज पहाटे मळ्यात जाऊन ते स्वतःची परीक्षा घेत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. सहा महिन्यांपासून अडीचकीत अडखळत होते. कोणाला बोलले नव्हते, बायकोलाही नाही.

मी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवलं. विसरण्यामागे थायरॉइड असतो, बी-१२ ची कमतरता असते, साखर असते, ऐकू कमी येणं असतं, मनाची उदासीही असते. यातलं काही सापडलं तर उतार पडतो. त्यांचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनांनी थोडा फरक पडला. पण मूळ आजार स्मृतिभ्रंशाचाच होता आणि तो वाढत गेला. हाताशी असलेल्या दिवसांत त्यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. शेताच्या वाटण्या करून सातबारावर नावं लावली. घरातल्या सगळ्या फोटोंच्या मागे कोण कोण आहे ते सुंदर अक्षरात लिहिलं. आणि एका रविवारी मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना बसवून सांगितलं: मी एकच गोष्ट दहा वेळा विचारीन. दहाही वेळा उत्तर द्या. "आत्ताच सांगितलं ना" असं म्हणू नका.

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण किती सहज फेकतो. ज्याला रात्री अडीचकी आठवेना म्हणून झोप लागत नाही, त्याच्या कानावर ती कशी पडत असेल? विसरण्याचं दुःख गुरुजींनी पचवलं होतं. घरच्यांनी खेकसावं, पोरांनी हसावं, याची त्यांना धास्ती होती. घरच्यांनी शब्द पाळला, बराचसा. थोरल्या मुलाचा कधीकधी तोल जायचा. चौथीतला नातू मात्र दहा वेळा, वीस वेळा, न कंटाळता उत्तर द्यायचा.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा या वाटेने जाते, आणि आमचं पथक पायांना मलम, ओआरएस घेऊन रस्त्यावर असतं. तिथे वारकरी आपलं वय वारीत मोजतात. "यंदाची झाली, पुढची माहीत नाही," असं म्हणून पुढे चालू लागतात. गुडघे संपल्यावर एक बाबा वाटेवर आमच्या शेजारी तेलाची वाटी घेऊन बसायला लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय चोळायला लागले. त्यांच्याकडे पाहून मला फार धीर आला होता.

धीराची मला गरज होती, कारण तोवर माझंही सुरू झालं होतं. उपकेंद्राच्याच निवासात राहत असल्यामुळे पात्र जोडप्यांच्या वहीत माझंही नाव असायचं. एका एप्रिलमध्ये मी वही लिहीत आमच्या घरापाशी आले, हिशेब केला, आणि पुढचं घर लिहायला घेतलं. माझं नाव त्या वर्षी आलं नाही. इतक्या बायांची नावं मी गाळली होती, पण ते काय असतं हे त्या दिवशी कळलं. पाळी जायचा काळ, रात्री घामाने भिजून उठायचं, विनाकारण रडू यायचं. नव्याने आलेला तरुण डॉक्टर सिस्टर म्हणायचं सोडून मावशी म्हणायला लागला. त्याने आदरानेच म्हटलं होतं. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सरकारी निवृत्ती अठ्ठावन्नला. आपण गेल्यावर या ओट्यावर कोणी आपली वाट पाहणार नाही, असं मनात यायचं. हे मी मैत्रिणींपाशी बोलले तेव्हा त्यांनीही आपापलं सांगितलं. एकीला आरशाची भीती, एकीला नवऱ्याच्या आधी आपण गेलो तर त्याचं कसं होईल याची, एकीला सुनेच्या हातात घर द्यायची.

त्याच सुमारास सासूबाईंना लकवा मारला. वर्ष-दीड वर्ष त्या अंथरुणावर होत्या. शेकडो बायांची बाळंतपणं केलेली मी. मला शरीराची किळस नाही, लाज नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला हवा लागू द्यायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचांखाली मऊ घडी ठेवायची. त्यांना शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही याचा मला अभिमान आहे. पण पहिल्या दिवसांत मी धुवायला घेतलं की त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या आणि दिवा मालव म्हणून खूण करायच्या. ज्या बाईने मला लग्नानंतर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचं लुगडं मी दिवसाउजेडी सोडत होते. माझ्यासाठी ते काम होतं, त्यांच्यासाठी ते काय होतं?

मग मी आधी सांगायला लागले: आई, आता धुते, चालेल का? त्या मान हलवायच्या. एकदा त्यांनी नाही म्हणून मान हलवली, मी पाट घेऊन बाजूला बसले, थोड्या वेळाने त्यांनीच खूण केली. अर्धं अंग झाकून अर्धं पुसायचं. आज हिरवं नेसायचं की निळं, हे त्यांना दाखवून विचारायचं. दिवा मालवायची खूण हळूहळू बंद झाली. पडून राहण्यात नको वाटतं ते हेच, हे मला घरात कळलं: आपल्याला न विचारता आपल्या अंगाला हात लागणं.

२०२१ च्या मार्चमध्ये कोविडच्या लसीसाठी साठीच्या पुढच्यांना बोलावणं आलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हाताऱ्यांची यादी हातात धरून गाव फिरले. एका बाबाने दारातच विचारलं, "इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आता पैला नंबर आमचाच कामून?" त्यांचा संशय मला गैर वाटला नाही. न विचारता त्यांच्यासाठी फार गोष्टी ठरवल्या जातात.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. औंढा, कळमनुरी, वसमतकडच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि धक्के नवे नाहीत, पण हा मोठा होता, आणि किल्लारीच्या भूकंपाची आठवण इथे प्रत्येक घरात आहे. सगळे बाहेर धावले. दुसऱ्या दिवशी मी एका चालता न येणाऱ्या आजीकडे गेले. माळवदाच्या खोलीत ती एकटी राहिली होती. मुलगा लेकरांना बाहेर सोडून तिला उचलायला परत आत शिरला होता. मला वाटलं ती घाबरलेली असेल. ती संतापलेली होती. "मला न्यायला आत कामून आला? भिंत पडली असती म्हणजे?" ते दोघं त्यावर बोलत नव्हते. मी दोघांना समोरासमोर बसवलं. त्यातून एवढंच निघालं की तिची खाट पुढच्या पत्र्याच्या पडवीत, दाराशी हलवायची. आधी मुलाला ते बरं दिसत नव्हतं. आईला बाहेर काढली असं लोक म्हणतील. आईला मात्र तेच हवं होतं, आणि तिथून तिला रस्ताही दिसतो.

निवृत्त झाल्यावर मी घरात कमोड बसवून घेतला, न्हाणीत दांडी ठोकली. मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला बसवून बोलायला लागले, तर म्हणाला, आई, सणासुदीला हे काय काढलंस? मी सोडलं नाही. म्हटलं, मांडीचं हाड मोडलं तर वय झालं म्हणून घरी ठेवू नकोस, लवकर शस्त्रक्रिया कर, म्हणजे मी उठून बसेन. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर कोणाला विचारत बसू नका, साडेचार तासांच्या आत जिथे मेंदूचा फोटो निघतो आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं तिथे न्या. पण मी कोणाला ओळखेनाशी झाले, आणि डॉक्टर म्हणाले की आता फरक पडणार नाही, तर नळ्या नकोत, घरी आणा. धुणारं कोणीही असो, सून असो की पगाराची बाई, आधी मला सांगून मग हात लावायचा. मला कळतंय की नाही अशी शंका असली तरी सांगायचं.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोबाइल काढला आणि पहिल्यापासून परत सांग म्हणाला, लिहून घेतो. माझं झाल्यावर त्याने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, मला विचार करायला वेळ पाहिजे, पुढच्या वेळी येशील तेव्हा सांगतो.